ग्रामीण लसीकरण : आशा आणि औषधनिर्माते

खेड्यातील बाळाला लस टोचते ती परिचारिका. पण बाळाला तिच्यापर्यंत आणणे आणि तोवर लस निकोप राखणे ही कामे इतरांची, आणि लसीकरणाचे यश बरेचसे त्यांवरच ठरते. २००५ पासून साधारण हजार लोकवस्तीमागे नेमलेली आशा स्वयंसेविका घरोघर फिरून जन्मांची नोंद ठेवते, सत्राला कोण आले नाही ते हेरते, आणि आधीच्या टोच्याने ताप आला म्हणून धास्तावलेल्या आईची समजूत घालते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा बहुधा औषधनिर्माता सांभाळतो. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान तो रोज दोनदा नोंदवतो. कुपीवरच्या खुणेतला फिकट चौकोन भोवतीच्या वर्तुळाइतका गडद झाला, की ती कुपी बाद!

लोकांनाच लस नको असते, हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होते. नियमित शिबिरे भरली तिथे ते १८ टक्के, आणि प्रत्येक टोच्यामागे किलोभर डाळही दिली तिथे ३९ टक्के झाले. म्हणजे आड येतो तो नकारापेक्षा हेलपाटा आणि बुडणारी मजुरी. तरीही निम्म्याहून अधिक मुले राहिलीच. त्यांच्यासाठी दारी जाणारे ओळखीचे माणूस हवे. आशा मोबदल्यासाठीच फिरते, ही टीका तर अन्यायाची आहे: तो मोबदला तुटपुंजा आहे आणि पुष्कळदा उशिरा मिळतो.