गिरणगावचा पंडुरोग आणि पानातले औषध

युनियनच्या माणसाने रक्तावर बोलायला उभे राहावे याचे काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. परंतु राबणाऱ्याला दम का लागतो, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतकाच जुना आहे, आणि त्याचे उत्तर रक्तात आहे.

आधी तांबड्या पेशींचा हिशेब पाहू. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्या सुमारे ५० लाख असतात. हाडांतील मज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार होतात आणि प्रत्येकीची नोकरी साधारण १२० दिवसांची. पेशी तयार होताना आपले केंद्रकही टाकून देते आणि हिमोग्लोबिनने भरून निघते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात. प्रत्येक अणू फुप्फुसात प्राणवायूचा एक रेणू उचलतो व स्नायूत नेऊन सोडतो. गंमत अशी की, राबत्या स्नायूत उष्णता आणि आम्लता वाढते व त्यामुळेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. जेथे श्रम अधिक तेथे प्राणवायूही अधिक मिळतो. एवढा न्याय मला कुठल्याही पगारपत्रकात आढळलेला नाही.

आता १९२८ सालाकडे वळू. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्या काळी गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक बाई असे. त्या बहुतेक वायंडिंग आणि रिळिंग खात्यांत. त्याच वर्षी ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई हिंदुस्थानात आल्या. बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी चालली होती. त्या कामातील डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे गिरणगावाच्या ऐन मध्यावर होती.

गरोदर कामकरी बायांना एक विलक्षण पंडुरोग होत असे. तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले तर पेशी लहान व फिकट निघतात. येथे उलटेच होते. बाईंनी जंतू शोधले, पण रोगाचे मूळ जंतूंत सापडेना. मग त्यांनी वेगवेगळ्या थरांतील बायांचे जेवण तपासले. ज्यांचे अन्न सर्वांत निकृष्ट, ज्यांच्या ताटात फळे व ताजी भाजी जवळजवळ नाही, त्यांनाच रोग अधिक. त्यांत गरीब मुसलमान बाया सर्वांत पुढे होत्या. रोग्याला बाटली देण्याआधी तिच्या ताटात डोकावणारा डॉक्टर आजही विरळाच.

पुढे कुन्नूर आणि मद्रास येथेही त्यांचे काम चालले. उंदरांवरच्या प्रयोगांनी बराच घोळ घातला, कारण त्यांच्यात उवांमार्फत पसरणारा एक वेगळाच रोग शिरला होता. शेवटी एका माकडाला मार्माइट देऊन पाहिले. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा अर्क, पावाला लावण्याचा स्वस्त पदार्थ. माकड सुधारले. मग बायांना दिले. तीन-चार दिवसांत भूक परतली आणि तांबड्या पेशी वाढू लागल्या. १९३१ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. अशुद्ध यकृत-अर्कानेही गुण येई, पण शुद्ध केलेल्या अर्काने येत नसे. तेव्हा औषधी द्रव्य निराळेच असले पाहिजे, हे बाईंनी ओळखले.

ते द्रव्य १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याचे काम असे: पेशीचे विभाजन व्हायचे तर आधी केंद्रकातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते, आणि तिला हे द्रव्य लागते. ते नसले की हिमोग्लोबिन भरत राहते, पेशी फुगते, पण विभागत नाही. पुष्कळ पेशी मज्जेतच मरतात. पोटात मूल वाढत असताना आईची गरज वाढते, म्हणून घाला नेमका तेव्हा पडे.

इकडे कायद्याचीही हालचाल झाली. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. बाईंच्या प्रयोगशाळेत आणि कायदेमंडळात एकाच बाईचा विचार चालला होता. दोघांची एकमेकांशी गाठ पडल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही.

ल्यूसी विल्स १९६४ साली वारल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. त्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठा आहे. सरकारी योजनेत गरोदर बाईला १८० दिवस जी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल.