एकाच प्लेटवरचे रंग

रंगीत एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र, काढायचं, तर पूर्वी सहसा प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट लागे. कागद तितक्याच वेळा प्रेसमधून काढायचा आणि दर वेळी जागा तंतोतंत जुळवायची. यातून वाट निघाली ती पॅरिसच्या ‘आतेलिए १७’मध्ये.

ही कार्यशाळा स्टॅन्ली विल्यम हेटर याची. तो शिकलेला रसायनशास्त्र आणि भूशास्त्र. इराणमधल्या अबादानला तेल कंपनीत नोकरी करून १९२६ मध्ये चित्रकार व्हायला पॅरिसला आला. जोझेफ हेक्टकडून तांब्यावर बुरिन हे कोरायचं हत्यार चालवायला शिकला आणि पुढच्याच वर्षी त्याने कार्यशाळा उघडली. १९३३ मध्ये ती ज्या घरात गेली, त्याचा क्रमांक १७; नाव तिथून आलं. मिरोसारखा मोठा चित्रकार आणि नवशिके तिथे एकत्र काम करत, एकाची युक्ती दुसऱ्याच्या हाती जाई.

हेटरमधल्या चित्रकाराला रंग हवाच होता. दुसऱ्या महायुद्धामुळे कार्यशाळा न्यूयॉर्कला असताना, १९४६ मध्ये, त्याने एका मोठ्या चित्रासाठी सिल्कस्क्रीनच्या जाळीतून प्लेटवर रंग चढवले आणि सगळे एकदम छापले. पण जाळी ही बाहेरची मदत. प्लेटच्या स्वतःच्या चढउतारांतून रंग यायला पन्नासचं दशक उजाडावं लागलं. कार्यशाळा पॅरिसला परतली होती आणि तिथे दोन भारतीय आले होते: शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले शिल्पकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले कैको मोती.

या तिघांनी मिळून घडवलेली पद्धत अशी. प्लेट आम्लाने आणि हत्यारांनी वेगवेगळ्या खोलीपर्यंत उतरवायची. जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरने फिरवली की ती फक्त उंचवट्यांना लागते. मग घट्ट शाईचा मऊ रोलर खोलगट भागात पोचतो. तेलकट थरावर मात्र ती घट्ट शाई बसत नाही. रंग शेजारी शेजारी राहतात आणि प्रेसच्या एकाच फेरीत कागदावर उतरतात. तेल आणि शाईचं हे गणित रसायनशास्त्र्याच्या ओळखीचं. प्लेटला शिल्पासारखं खोदणं रेड्डींचं. रेड्डींची ‘व्हर्लपूल’ (१९६३) पाहिली की पाणी धातूत कोरलेलं आहे हे कळतं.

म्हणूनच या पद्धतीपुढे एकट्या हेटरचं नाव लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. तिन्ही नावं लिहावीत, आणि मोतींचं नाव निदान मुंबईने तरी विसरू नये.