मिशिमाचे मरण

२५ नोव्हेंबर १९७० रोजी तोक्योतील इचिगाया लष्करी तळावर कादंबरीकार युकिओ मिशिमाने पोट चिरून प्राण दिले. चाहते याला सम्राटभक्ती म्हणतात, टीकाकार विकृती. आम्हांला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. १९४५ साली लष्करी डॉक्टराने चुकून क्षयाचे निदान केले, म्हणून वीस वर्षांचा हा तरुण युद्धातून सुटला. बरोबरीचे कित्येक मेले, हा उरला. चारच वर्षांनी ‘मुखवट्याचा कबुलीजबाब’ या कादंबरीत त्याने पुरुषदेहाची ओढ उघड मांडली. तिच्या निवेदकाची वासना प्रथम जागी होते ती बाणांनी विद्ध झालेल्या संत सेबास्टियनचे चित्र पाहून! म्हणजे वासना व मरण यांची गाठ आधीच पडली होती. सम्राट मागाहून आला. १९६१ च्या ‘देशभक्ती’ कथेतला लेफ्टनंट पत्नीशी अखेरची रात्र घालवून पोट चिरतो. पुढे चित्रपटात ती भूमिका मिशिमानेच केली; तालीमच म्हणा ना.

इचिगायाच्या सज्जातून त्याने राज्यघटना बदलण्यासाठी उठावाची हाक दिली. खालचे सैनिक हुर्यो उडवू लागले. काही मिनिटांतच भाषण आवरून तो आत गेला. त्याच्यामागोमाग मोरिता हा पंचवीस वर्षांचा अनुयायीही मेला. त्या पोराच्या मरणाचा हिशेब आम्हांला अजून लागलेला नाही.