पवित्र सप्ताह : एकाच प्रार्थनेचे तीन दिवस

भस्म बुधवारी सुरू झालेला उपवासकाळ पवित्र सप्ताहात पूर्णत्वास जातो. या सप्ताहातील विधी धर्मग्रामात दरवर्षी होत असले, तरी त्यांचा परस्परसंबंध अनेकदा आपल्या ध्यानी येत नाही. तो समजून घेतल्यास उपासनेतील सहभाग अधिक अर्थपूर्ण होतो.

झावळ्यांचा रविवार : प्रभू येशूच्या यरुशलेम प्रवेशाचे स्मरण म्हणून झावळ्या आशीर्वादित करून मिरवणूक काढली जाते. त्याच मिस्सामध्ये प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्तही वाचला जातो. जयघोष आणि क्रूस एकाच उपासनेत एकत्र येतात. या झावळ्या जपून ठेवाव्यात. त्याच जाळून पुढील वर्षीच्या भस्म बुधवारची राख तयार केली जाते.

पवित्र गुरुवार : या दिवशी सकाळी, किंवा सोयीनुसार त्याआधी, बिशप आपल्या धर्मगुरूंसमवेत मिस्सा अर्पण करून पवित्र तेले आशीर्वादित करतात. त्या प्रसंगी धर्मगुरू आपल्या गुरुदीक्षेच्या वचनांचे नूतनीकरण करतात. सायंकाळी प्रभूच्या अंतिम भोजनाचा मिस्सा होतो. 'गौरव' गीताच्या वेळी वाजणाऱ्या घंटा त्यानंतर पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत मौन पाळतात. पायधुणीच्या विधीत पूर्वी केवळ पुरुषांची निवड होत असे. पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयानुसार २०१६ पासून स्त्रियांचीही निवड करता येते. मिस्सानंतर ख्रिस्तशरीर सजविलेल्या स्थानी नेले जाते, वेदी उघडी केली जाते आणि भाविक आराधनेत जागतात.

उत्तम शुक्रवार : या दिवशी मिस्सा होत नाही. धर्मगुरू वेदीसमोर साष्टांग प्रणिपात करतात. संत योहानकृत दुःखसहनाचे वाचन, दहा विश्वव्यापी प्रार्थना, क्रूसाची आराधना आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाचे ग्रहण, असा हा विधी असतो. १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांसाहार वर्ज्य करावा. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत उपवासही बंधनकारक आहे.

पवित्र शनिवार : दिवसभर ख्रिस्तसभा प्रभूच्या कबरेपाशी शांतपणे थांबते. अंधार पडल्यानंतर जागरणविधी सुरू होतो. नव्या अग्नीवर पास्का मेणबत्ती पेटवली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे अंक कोरलेले असतात. जुन्या करारातील सात व नव्या करारातील दोन अशी नऊ वाचने नेमलेली आहेत. काही वाचने कमी करता येतात, परंतु तांबड्या समुद्रातून झालेल्या सुटकेचे वाचन कधीही गाळता येत नाही. त्यानंतर स्नानसंस्कार होतात व सर्व भाविक आपल्या स्नानसंस्काराच्या वचनांचे नूतनीकरण करतात. पूर्वी हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व १९५५ च्या आदेशाने कायमस्वरूपी त्याला रात्रीचे स्थान परत मिळवून दिले.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुरुवारच्या मिस्साच्या शेवटी नेहमीचा आशीर्वाद व निरोप दिला जात नाही. शुक्रवारचा विधी अभिवादनाविना, मौनातच सुरू होतो आणि सर्वजण मौनातच घरी जातात. निरोपाचे शब्द ऐकू येतात ते थेट जागरणाच्या रात्री, 'आलेलुया'सह. याचाच अर्थ असा की, ही तीन स्वतंत्र उपासना नसून तीन दिवस चाललेली एकच उपासना आहे.

आपल्या मंदिरांत शुक्रवारी उभे राहण्यासही जागा नसते, जागरणाला मात्र अनेक कुटुंबे येत नाहीत. केवळ शुक्रवारी येणारा भाविक अर्ध्या प्रार्थनेतूनच घरी परततो. त्याला क्रूस भेटतो, रिकामी कबर भेटत नाही. म्हणून यंदा घरातील कामे, वृद्धांची सोय व मुलांची झोप यांचे नियोजन आधीच करून सहकुटुंब तिन्ही दिवस उपस्थित राहावे. ज्यांना आजारपणामुळे येणे शक्य नाही, त्यांच्यापर्यंत ख्रिस्तप्रसाद पोहोचावा म्हणून त्यांची नावे वेळीच धर्मगुरूंना कळवावीत.