धुरापासून कोरड्या तुषारापर्यंत: खोली सुगंधित करण्याचा इतिहास

एखाद्या मोठ्या हॉटेलात शिरल्यावर मंद सुगंध येतो. पण उदबत्ती दिसत नाही, धूर नाही, वाफही नाही. हे काम बहुधा वातानुकूलन यंत्रणेला जोडलेला, पाण्याविना चालणारा डिफ्यूझर करत असतो. यंत्र नवे आहे, त्यामागची तत्त्वे जुनी आहेत. या पाठात आपण एकच प्रश्न घेऊन पुढे जाऊ: सुगंधाला हवेत कोण वाहून नेते? उष्णता, पाणी, की नुसती हवा? हा वाहक बदलत गेला, तसा सुगंधावरचा ताबाही एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

१. अग्नी आणि पाणी

गंधाचे रेणू हवेत मिसळले तरच ते नाकापर्यंत पोचतात. त्यासाठीचा सर्वांत जुना उपाय म्हणजे अग्नी. इंग्रजीतील ‘परफ्यूम’ हा शब्दसुद्धा ‘धूर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडलेला आहे. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणे होतात, असे गणितही त्यात आहे. अकबराच्या दरबारात सोन्या-चांदीच्या धुपाटण्यांत रोज धूप जळत असे, याची नोंद अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे.

मात्र अग्नी सुगंध पसरवतो तसा तो बिघडवतोही. नाजूक रेणू उष्णतेने मोडतात आणि धुराची काजळी मागे राहते. पाण्याचा मार्ग सौम्य होता. उन्हाळ्यात दारांना लावलेले वाळ्याचे ओले पडदे आणि समारंभातील गुलाबदाणी ही त्याची परिचित उदाहरणे.

कनौजच्या देग-भपका पद्धतीत पाण्याची भूमिका वेगळी आहे. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी तापवतात. निघालेली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात सुगंध मुरतो. पाणी नंतर वेगळे काढले जाते. म्हणजे पाण्याने सुगंध काढायचा आणि तेलात साठवायचा. अत्तर त्या अर्थाने मुळातच निर्जल आहे. पण कानात ठेवलेल्या फायाचे अत्तर शेजारच्या माणसापुरतेच दरवळते. उष्णता न देता तेच तेल खोलीभर कसे पसरवायचे? याचे उत्तर अत्तराच्या पेढीत नाही, दवाखान्यात सापडले.

२. घशाच्या औषधापासून सुगंधापर्यंत

डॅनियल बर्नोलीचा ‘हायड्रोडायनामिका’ हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. १७९७ मध्ये जोव्हानी बातिस्ता व्हेंचुरी याने अरुंद मार्गातून वाहणाऱ्या द्रवावरील आपले प्रयोग मांडले. १८५८ मध्ये फ्रान्समधील सॅल-जिराँ याने हातपंपाने द्रवाचे तुषार करणारे, श्वासावाटे औषध देण्याचे उपकरण तयार केले. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेतील टोलेडो येथील घशाचे डॉक्टर ॲलन डेव्हिलबिस यांनी रबरी फुगा दाबून औषध फवारणारा ॲटमायझर बनवला. त्यांचा मुलगा थॉमस याने तेच तत्त्व अत्तराच्या बाटल्यांसाठी आणि रंगाच्या स्प्रे गनसाठी वापरले. औषध, अत्तर आणि रंग अशा तीन व्यवसायांच्या मुळाशी एकच नळी होती.

संपूर्ण सभागृहाला एकाच वेळी सुगंध देण्याचा गाजलेला प्रयोग चित्रपटगृहात झाला. डिसेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अरोमारामा’ पद्धतीने वातानुकूलन यंत्रणेतून प्रसंगानुरूप वास सोडले गेले. १९६० मध्ये ‘स्मेल-ओ-व्हिजन’ने नळ्यांवाटे प्रत्येक आसनापर्यंत वास पोचवला. दोन्ही पद्धती टिकल्या नाहीत. पडद्यावरचे दृश्य क्षणात बदलते, पण हवेतला वास तसा बदलत नाही. सुगंध सोडणे सोपे असते, परत घेणे अवघड, हा धडा त्यातून मिळाला.

३. आजचे यंत्र

घरी वापरला जाणारा अल्ट्रासोनिक डिफ्यूझर पाण्यावर चालतो. त्यातील चकती सेकंदाला लाखो वेळा कंप पावते आणि तेल मिसळलेल्या पाण्याचे धुके करते. निर्जल डिफ्यूझरमध्ये लहान कॉम्प्रेसर असतो. वेगवान हवा बारीक छिद्रातून तेलाच्या नळीच्या तोंडाशी येते. तिथला दाब कमी होतो, तेल वर खेचले जाते आणि त्याचे सूक्ष्म थेंब होतात. मोठे थेंब भिंतीवर आदळून परत टाकीत पडतात. बारीक तेवढे बाहेर जातात. टायमरने हे प्रमाण ठरवता येते. तेल तापवावे लागत नाही आणि खोलीतील आर्द्रताही वाढत नाही.

थेंब बारीक करण्याचा फायदा गणिताने पाहू. १ मिलिलिटर तेलाचा एकच गोल थेंब धरला तर त्याचे पृष्ठफळ सुमारे ५ चौरस सेंटीमीटर येते. त्याच तेलाचे १ मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर होते, म्हणजे जवळपास बारा हजार पट. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होत असल्याने थोडे तेल मोठ्या जागेला पुरते. शिवाय स्थिर हवेत असा थेंब तासाला जेमतेम १० सेंटीमीटर खाली येतो. तो विरून जाईपर्यंत हवेतच तरंगतो.

४. हवा कोणाची?

इथेच इतिहासाचा प्रश्न आजचा होतो. थेंब बारीक असावा हे औषध देणाऱ्याला हवे होते, कारण बारीक थेंब फुप्फुसात खोलवर जातो. सुगंधाच्या यंत्राने तो गुण जसाच्या तसा उचलला. मात्रा ठरवणारा डॉक्टर मात्र मागे राहिला. दमा असलेल्या व्यक्तीला तीव्र सुगंधाचा त्रास होऊ शकतो. लिंबू-संत्र्याच्या तेलातील लिमोनीनची हवेतील ओझोनशी अभिक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्यापासून संरक्षण देत नाही.

धूप जळताना दिसतो. नको असेल तर माणूस उठून लांब बसू शकतो किंवा विझवायला सांगू शकतो. डक्टमधून येणारा सुगंध दिसत नाही आणि दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला त्याच्यापासून लांब जाता येत नाही. ग्राहक दहा मिनिटे श्वास घेतो, कर्मचारी आठ तास. म्हणून अशी यंत्रणा आखणाऱ्या अभियंत्याने फवाऱ्याचे प्रमाण ठरवताना ताज्या हवेचे प्रमाण, तेलातील घटकांची माहिती आणि बंद करण्याचे बटण कोणाच्या हाताशी असेल, या तिन्ही गोष्टी आराखड्यातच लिहायला हव्यात. धुराने जी सूचना आपोआप दिली जात होती, ती आता आपल्याला मुद्दाम द्यावी लागेल.