बोटीची व्हिनाइल खिडकी धूसर झाली? पॉलिश करायची की बदलायची, ते असं ओळखा

पावसात फोन ठेवायला आपण जे पारदर्शक वॉटरप्रूफ पाऊच घेतो ते आठवा. नवं असताना काचेसारखं, नंतर धूसर आणि पिवळसर. स्पीडबोट आणि यॉटच्या कापडी छताला शिवलेल्या मऊ खिडक्याही बहुतेकदा अशाच मऊ पीव्हीसीच्या असतात. त्याला क्लिअर व्हिनाइल म्हणतात. पाऊच धूसर झालं तर फोटो बिघडतो, पण खिडकी धूसर झाली तर बोट चालवणाऱ्याला समोरची होडी दिसत नाही. मावळतीचं ऊन समोरून आलं की अशी खिडकी म्हणजे पांढरा पडदाच!

व्हिनाइल खराब का होतं?

पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या घरातल्या पाइपसारखं. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळतात. ऊन आणि उष्णतेमुळे ते हळूहळू बाहेर पडतं आणि शीट ठिसूळ होते. अतिनील किरणांमुळे पीव्हीसीचे रेणूही बदलतात, म्हणून पिवळेपणा येतो. हा बदल प्लास्टिकच्या आतला आहे. तो घासून जात नाही. मीठ, धूळ आणि बारीक ओरखडे मात्र वरवरचे असतात.

म्हणून मी पॉलिशची बाटली उघडायच्या आधी ही टेस्ट करतो.

दोन मिनिटांची टेस्ट

१. खिडकी गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्या. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. ओरखडे असतील तर लगेच चमकतील.

२. आता खिडकीवर पाणी मारा. ओली असताना आरपार स्वच्छ दिसतंय? मग दोष वरचा आहे. पाणी ओरखड्यांत भरतं, म्हणून ते दिसेनासे होतात. इथे पॉलिशचा उपयोग होतो.

३. ओली असूनही पिवळी दिसते, किंवा कडक होऊन तडे गेलेत? मग शीट बदला, पैसे पॉलिशवर घालवू नका.

४. पावसानंतर दुधाळ झाली असेल तर घाई नको. व्हिनाइल थोडा ओलावा शोषतं. नीट वाळल्यावर पुन्हा बघा.

साफ कशी करायची?

आधी भरपूर गोडं पाणी ओता. वाळलेल्या मिठाचे कण कोरड्या फडक्याने पुसले तर ते सँडपेपरसारखे घासतात. मग सौम्य साबणाचं पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड घ्या, हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा धुवा.

पॉलिश घेताना ते मऊ पारदर्शक व्हिनाइलला चालतं असं बाटलीवर लिहिलंय का ते वाचा. आधी कोपऱ्यात लावून बघा. सावलीत, थोडं थोडं, कमी दाब देऊन लावा. महागड्या काही शीटवर ओरखडे टाळणारं कोटिंग असतं. तिथे पॉलिशने कोटिंगच निघू शकतं, म्हणून कंपनीने सांगितलेलंच क्लीनर वापरा.

हे अजिबात वापरू नका

- अमोनिया असलेलं काच साफ करायचं लिक्विड
- थिनर, पेट्रोल, अॅसिटोन, अल्कोहोल
- टिश्यू पेपर किंवा भांडी घासायची घासणी
- टूथपेस्ट (व्हिडिओत कितीही भारी दिसली तरी!)
- वर्तमानपत्र, कारण त्याची शाई व्हिनाइलवर उमटते

सनस्क्रीन लावलेला हातही काचेवर टेकवतो तसा टेकवू नका, डाग राहतो.

पावसाळ्यात ठेवताना

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बऱ्याच बोटी ओढून ठेवतात. तेव्हा खिडक्या काढणार असाल तर धुऊन पूर्ण वाळवा आणि मऊ सुती कापड मध्ये घालून सैलसर गुंडाळा. घडी घातली की तिथे पांढरी रेघ पडते आणि पुढे तडा जातो. कडक झालेली शीट जोर लावून वाकवू नका.

मग फोनच्या पिवळ्या कव्हरचं काय?

मऊ पारदर्शक कव्हर बहुतेक वेळा टीपीयूचं असतं, म्हणजे प्लास्टिक वेगळं, पण तिथेही ऊन आणि उष्णतेमुळे येणारा पिवळेपणा आतलाच. साबणाने मळ जाईल, पिवळेपणा नाही. कव्हर पिवळं असलं तरी फोन सांभाळतं, त्यामुळे घाई नाही. बोटीच्या खिडकीचं तसं नाही. चालवणाऱ्याच्या समोरची शीट पिवळी पडली असेल तर बाकीच्या राहू द्या, पण ती एक आधी बदला.