‘लुसिंटा’ विरुद्ध ‘न्युसिंटा’ : नोंदणी-दाखल्यापलीकडे पाहणारा निर्णय

‘लुसिंटा’ आणि ‘न्युसिंटा’ या औषधनामांत फरक काय तो पहिल्या अक्षराचा. मुंबईस्थित लूपिन कंपनीने याच साम्यावरून जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी समूहाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. ‘लुसिंटा’ची नोंदणी लूपिनच्या नावे होती, ‘न्युसिंटा’ हे टॅपेंटाडॉल या वेदनाशामकाचे अमेरिकेतील विक्रीनाम. वादीची नोंदणीच मुळात सदोष आहे, असा बचाव पुढे आला आणि प्रश्न उभा राहिला : अंतरिम मनाईहुकुमाचा विचार करताना न्यायालयाने नोंदणीच्या वैधतेत शिरावे काय?

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे कलम २८ नोंदणीधारकास अनन्य हक्क देते. मात्र नोंदणी ‘वैध असल्यास’. कलम ३१ नुसार नोंदणी हा वैधतेचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. प्रथमदर्शनी, म्हणजे खोडून काढता येण्याजोगा. तरीही अंतरिम टप्प्यावर नोंदणीस हात लावू नये, असा या न्यायालयाच्या काही पूर्वनिर्णयांचा कल होता. मतभेद मिटवण्यासाठी प्रकरण पूर्णपीठापुढे गेले.

डिसेंबर २०१४ मध्ये पूर्णपीठाने असा अधिकार न्यायालयास आहे, असे ठरविले; पण दार किलकिलेच ठेवले. नोंदणी उघडउघड बेकायदा, कपटाने मिळविलेली किंवा न्यायालयाच्या सदसद्विवेकास धक्का देणारी असेल, तरच अंतरिम संरक्षण नाकारता येते. तसे दाखविण्याचा भार प्रतिवादीवर, आणि तो जड आहे. हा निष्कर्षही प्रथमदर्शनीच असतो. त्याने नोंदवहीतील नोंद पुसली जात नाही. त्यासाठी कलम ५७ खालील दुरुस्तीची स्वतंत्र कार्यवाही लागते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून असे अर्ज निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे जातात.

हा वाद वरवर तांत्रिक वाटतो, पण दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळत असल्याने बाजारातील खरी लढाई अनेकदा अंतरिम आदेशावरच संपते. मनाईहुकूम मिळाला की समोरच्याला नाव बदलावे लागते; अंतिम निकाल येईपर्यंत ते नाव ग्राहकाच्या स्मरणातूनही गेलेले असते.

परदेशस्थ उद्योजकांस यातील एक बाजू विशेष लागू पडते. व्यापारचिन्हाचा हक्क प्रादेशिक असल्याने ब्रिटनमधील वा अमेरिकेतील नोंदणी भारतात आपोआप चालत नाही. माद्रिद प्रोटोकॉलमध्ये भारत जुलै २०१३ मध्ये सामील झाल्यामुळे आंतरराष्ट्रीय अर्जात भारताचे नाव घालता येते. दुसऱ्याचा अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यास हरकतीसाठी चार महिने मिळतात. ती मुदत हुकली, तर पुढे उरतो तो पूर्णपीठाने सांगितलेला जड भार.